मार्सेला आमच्याकडे उतरत असे

सन १९८६, महिना ऑक्टोबर. अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावचा उन्हाळा ओसरून शरद ऋतू नुकताच लागला होता. पाहुणा एकदाच येऊन गेला, तर आठवण एकच राहते. दरवर्षी येऊ लागला, की किश्श्यांची चळत लागते. पाराग्वेची टेनिसपटू मार्सेला त्या वर्षी चौथ्यांदा आमच्याकडे उतरली. छोट्या टूर्नामेंटला आलेल्या मुलींना गावातली कुटुंबे आठवडाभर ठेवून घेत. माझ्या मुलाने, सुहासने, आमचे नाव दिले होते. या खेपेस तिच्याजवळ वडिलांचे पत्र होते : "पात्रता फेरी जिंकलीस, तर खेळत राहा. नाहीतर परत ये. शाळेत नोकरी ठरवली आहे."

*

पहिल्या वर्षी मी बजावले होते, "या घरात सहाला उठावे लागते!" दुसऱ्या दिवशी सहाला उठून पाहते तो काय, बाईसाहेब दोरीवरच्या उड्या आणि स्नान आटोपून माझी वाट पाहत बसलेल्या! "आजी, बरे नाही का? आज उशीर झाला."

'आजी' हे सुहासने शिकवलेले.

*

टेनिसचे गुण मला कधीच पटले नाहीत. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस? "पंचेचाळीस हवेत! पाच गुण गेले कुठे?"

"ते युरोपात विचारा, आजी. आमच्या देशात खेळ आला, तेव्हाच पाच कमी होते!"

*

एका एकादशीला तिने साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतली आणि विचारले, "यात उपवास कुठे आहे?" त्या दिवशी ती जिंकली. पुढच्या मॅचला पुन्हा खिचडी हवी, म्हणून मागे लागली.

"एकादशीशिवाय होणार नाही!" मी ठणकावले.

ती हरली. साबुदाणा घरात होता.

*

पात्रतेचा शेवटचा सामना रविवारी होता. त्या फेरीत पंच नसत. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे ज्या त्या मुलीने सांगायचे. मी मार्सेलाच्या मागे, रेषेच्या समोरच बसले होते. प्रतिस्पर्धी मुलीला जिंकायला एकच गुण हवा होता. तिने मारलेला चेंडू रेषेपाशी पडला. मार्सेला काही बोलायच्या आत ती मुलगी माझ्याकडे बोट करून ओरडली, "त्या बाईंना विचार! त्यांनी पाहिलाय!"

मार्सेला वळली. "आजी?"

मी चेंडूकडे पाहतच नव्हते. पण 'माहीत नाही' म्हणायची सवय मला जन्मात लागली नाही.

"आत," मी म्हणाले.

मार्सेलाने मान डोलावली, जाळीपाशी जाऊन हात मिळवला आणि सामान आवरले.

गाडीत सुहास हळहळला, "अगदी थोडक्यात गेलं ना?"

"बाहेर होता," बुटांच्या नाड्या सोडत मार्सेला म्हणाली. "चांगला चार बोटे बाहेर."

मी गर्रकन तिच्याकडे वळले. "अगं, मग तसे म्हणाली का नाहीस?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिले.

"तुम्ही 'आत' म्हणालात ना, आजी!"