चिमणाबाईंचा निर्धार

चिमणाबाई आवळे हे नाव ज्यानं ठेवलं, त्यानं बाईंचा आवाज ऐकलेला नसणार. कोल्हापुरात मुलींच्या एका मिशन वसतिगृहाचं स्वयंपाकघर त्या सांभाळायच्या, आणि आत कुणाला झापलं की ते फाटकाबाहेरच्या टांगेवाल्यालाही कळायचं. हात सढळ, मन निर्मळ, पण जीभ म्हणजे अडकित्ता. आजारी पोरीला अवेळी पेज करून देणाऱ्याही त्याच, आणि पेज देता देता तिला रडवणाऱ्याही त्याच.

त्यांच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या उपासनेला एक रीत होती. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून वर्षाचा निर्धार बोलायचा. चिमणाबाई दरवर्षी उठायच्या आणि खणखणीत सांगायच्या, "औंदा मी कुणाला वाकडं बोलणार न्हाय. देवा, तूच साक्ष." मंडळी खाली मान घालून हसायची, कारण हा निर्धार संध्याकाळपर्यंत टिकला तरी पुष्कळ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंना मात्र त्यात काही खोट दिसायची नाही. देवापुढं रडून घेतलं की पाटी कोरी, अशी त्यांची साधी समजूत. ज्याला बोललो त्याच्याकडंही जायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्र्याहत्तरच्या नाताळात मात्र या जिभेनं घात केला. सून एस्तेर लग्न होऊन नवीच आलेली. करंज्या तळताना तिच्या हातून तेलात फुटल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि चिमणाबाई सगळ्यांदेखत कडाडल्या, "आईनं काय शिकवलं न्हाय व्हय गं तुला?"

एस्तेरची आई ती लहान असतानाच गेली होती. सणाला आलेल्या वडिलांबरोबर दुसऱ्या दिवशी पोर माहेरी हुपरीला निघून गेली. चिमणाबाईंचा एकुलता एक लेक येशुदास आईशी भांडलाही नाही. त्यानं फक्त घरी जेवणं सोडलं. साऱ्या वसतिगृहाला जेवू घालणाऱ्या बाईच्या हातचा घास पोटच्या पोरानं नाकारावा, याहून मोठी शिक्षा ती कोणती?

नव्या वर्षाच्या सकाळी अर्पणासाठी आणलेली अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन त्या उपासनेला बसल्या होत्या. पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "कुणाचं मन दुखावलं असेल तर देवाला काही द्यायच्या आधी त्या माणसाकडं जाऊन या." मग निर्धार बोलायची वेळ आली. चिमणाबाई सवयीनं उठल्या. "औंदा मी..." एवढंच बोलल्या आणि पुढचं तोंडातून फुटेना. पुढच्या बाकावर लेकाची खाली घातलेली मान दिसत होती. टोपली बाकावरच ठेवून त्या बाहेर पडल्या, त्या थेट एसटी स्टँडवर.

हुपरीत एस्तेरचे वडील सोप्यात बसून पैंजणांना घुंगरं जोडत होते. विहीणबाईंना एकट्या दारात बघून ते गडबडून उठले. सासूनं चूक कबूल करायला सुनेच्या माहेरी यावं, असं त्या गल्लीनं कधी बघितलं नव्हतं.

"पावणं, बसायला न्हाय आलो मी. पोरीला बोलवा."

एस्तेर उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बाईंचा तो आवाज कुठं गेला कुणास ठाऊक.

"तुझ्या आईवरनं बोललो मी. चुकलं माझं. देवाला सांगून झालं, पर तुला सांगायचं ऱ्हायलं हुतं."

एस्तेरचे डोळे भरून आले. "आत्ती," तिनं सासूला हाक मारली, "परत न्हाय न्हवं बोलणार?"

'न्हाय बोलणार' म्हणणं किती सोपं होतं! वर्षानुवर्षं त्या तेच म्हणत आल्या होत्या.

"तुझ्या आईवरनं कवा बोलणार न्हाय. पर बाकीची शपथ न्हाय घेत, बाई. ही जीभ मला ठावं हाय. देवच कायतरी करंल तिचं. बोललोच, तर तवाच्या तवा चुकलं म्हणीन. चारचौघांत बोललो, तर चारचौघांत म्हणीन."

एस्तेर आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली.

परतीच्या गाडीत चढताना तीच पिशवी दारात अडकली. "अगं, डोळं हाईत का बटणं? धड एक पिशवी..." चिमणाबाई ओरडल्या आणि गपकन थांबल्या. अख्खी एसटी वळून बघत होती. बाईंनी पदर सावरला आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या, "चुकलं माझं, पोरी."

कंडक्टर तिकिटं फाडायची विसरला. एस्तेर पिशवी सोडवून आत खिडकीशी बसली, शेजारची जागा हातानं पुसली आणि म्हणाली, "बसा, आई."