खाली पडलेलं वाक्य

शुभांगीचा फोन आला तेव्हा मी भोकरदनच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. गोंगाट इतका होता की मी दुसऱ्या कानात बोट घातलं. शुभांगी माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती म्हणाली, "अगं, आपल्या शैलजा मिस आज सकाळी..." आणि थांबली. तिला पुढचं बोलवेना. काही विचार करायच्या आत मी तिचं वाक्य पूर्ण केलं. "गेल्या." म्हणून झाल्यावर मला कळलं, मी काय बोलले ते. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. बातमी माझ्याच तोंडून माझ्या कानांवर आली होती. पलीकडे शुभांगी रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, "बघ, अजून उचलतेस तू." जालन्याची गाडी आली, भरली आणि निघून गेली. मी तिथंच उभी होते.

उचलणं म्हणजे काय, ते आमच्या वर्गाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात मराठी बोललं की मॉनिटर फळ्यावर नाव लिहायचा. शैलजा मिस आम्हाला मराठी शिकवायच्या, म्हणून त्या आत आल्या की मॉनिटरला खडू खाली ठेवावा लागे. त्या पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकरी घरातल्या, लग्न होऊन भोकरदनला आलेल्या. त्यांचं बोलणं गावातलं होतं तसंच राहिलं. स्टाफरूममध्ये त्यावरून हसतात हे आम्हा मुलांनाही माहीत होतं आणि मिसना तर होतंच. शिकवायच्या मात्र त्या जगातली जुनी जुनी नाटकं, हजारो वर्षांपूर्वीची, राजांची, शापांची, युद्धावरून न परतलेल्या मुलांची. पुस्तक हातात धरून त्या ती उभ्या उभ्या आमच्या बोलीत करून द्यायच्या. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या होत्या, "उठा. बाकं लावा भिंतीला. बसून कुठं राजा समजत असतो का?" मागून अनिकेत म्हणाला, "मिस, पण राजा तर बसलेलाच असतो." "तो बसून राह्यला म्हणून तर सगळं बिघडलंय. उठ, तूच हो राजा." अनिकेत राजा झाला आणि वर्षभर राजाच राहिला, कारण वाक्य विसरण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, आणि मिसना तसाच राजा हवा होता.

त्यांच्या नाटकात प्रॉम्प्टर नसायचा. इतर शाळांच्या नाटकांत पडद्यामागून पुस्तक घेऊन कुणीतरी कुजबुजत असतं, ते त्यांना बिलकुल चालायचं नाही. त्याचं कारण त्यांनी एकदा सांगितलं. त्या लहान असताना देवीच्या यात्रेत गावची मंडळी नाटक करायची आणि त्यांचे वडील राजा व्हायचे. "एकदा ऐन दरबारात लाइट गेली. समोर गॅसबत्ती व्हती, पण मागं पुस्तकवाल्याला काही दिसंना. झालं! आमचे बापू मुके. अख्खं गाव हसून राह्यलं आन् मी पुढं बसून रडून राह्यले. मंग प्रधान झालेल्या माझ्या चुलत्यानं बापूचं वाक्य उचललं, जसं काही त्याचंच व्हतं. तवा बापू सुटले." मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "मागून सांगणारा असला ना, की माणसाचे कान मागं राहतात. समोरचा काय म्हणतो ते त्याला ऐकूच येत न्हाई."

म्हणून नियम असा होता. कुणी अडलं तर जो सर्वांत जवळ उभा असेल त्यानं ते वाक्य उचलायचं, पात्र कुणाचं का असेना. शब्द पुस्तकातलेच असले पाहिजेत असं नाही, पण त्या माणसाच्या मनातले असले पाहिजेत. वाक्य खाली पडू द्यायचं नाही. बसलं तर मिस एवढंच म्हणायच्या, "बराबर." नाही बसलं तर समोरच्या बाकावर तळहात एकदा आपटायच्या, म्हणजे पुन्हा उचला. ओरडणं नाही, समजावणं नाही. बराबर, नाहीतर तो हात.

मी तेव्हा वर्गात जवळजवळ बोलतच नसे. इंग्रजीत चुका होतील म्हणून इंग्रजी नाही आणि फळ्यावर नाव येईल म्हणून मराठी नाही, असं करत करत मी गप्प राहायला शिकले होते. मिसनी मला काही काम दिलं नाही. फक्त म्हणाल्या, "तू काही पाठ करू नको. दूत झालेल्या त्या पोराच्या शेजारी उभी राह्य. बास." मला वाटलं, सुटले. स्नेहसंमेलनाच्या दिवशी दूत धावत आला, राजापुढे वाकला, म्हणाला, "महाराज, तुमचा मुलगा..." आणि समोरच्या रांगेतले आपले आईवडील बघून थिजला. विंगेत मिस हनुवटीला हात लावून उभ्या होत्या. त्या ओठसुद्धा हलवेनात. माझ्याशेजारी त्या मुलाचा श्वास मला ऐकू येत होता आणि त्या श्वासातच पुढचा शब्द होता. मी म्हणाले, "गेला." इतक्या हळू म्हणाले, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला म्हणे तो शब्द. अनिकेत सिंहासनावरून खरोखर उठून उभा राहिला, जे नाटकात नव्हतं. नंतर विंगेत मिस माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बराबर." माझ्या आयुष्यात मला इतकी मोठी शाबासकी पुन्हा मिळालेली नाही...

पुढे मी संभाजीनगरला शिकायला गेले आणि पदवी घेऊन घरी परत आले. नोकरीसाठी अर्ज करत होते. गेल्या वर्षी बाजारात मिस भेटल्या, हातात कोथिंबिरीची जुडी. "काय करून राह्यलीस?" मी म्हणाले, "काही नाही." "मंग शनिवारी ये. आठवीला तेच नाटक घेतलंय. पोरं चांगली हायेत, पण एकमेकांपासून लांब उभी राहतात." मी जायला लागले. दर शनिवारी बाकं भिंतीला लावायची, तासाभरानं पुन्हा जागेवर आणायची. त्या बाकांनी भिंतीच्या रंगावर एक आडवी रेघ उमटली होती. माझ्या वेळची रेघही त्यातच कुठेतरी असणार.

मग पावसाळ्याच्या शेवटी मिसना मेंदूचा झटका आला. जीव वाचला, हातपाय चालू राहिले, पण बोलणं गेलं. म्हणजे पूर्ण गेलं नाही. वाक्य सुरू व्हायचं आणि मध्येच तुटायचं. त्यांना पुढचं सगळं माहीत असायचं, ते डोळ्यांत दिसायचं, पण शब्द सापडायचा नाही. घरी काका, म्हणजे मिसचे यजमान, कासावीस व्हायचे. "हां, पाणी? पाणी पाहिजे का? मंग काय? औषध?" असं विचारत राहायचे आणि मिस डोळे मिटून घ्यायच्या. शाळेत तालीम थांबली. तेव्हा आठवीची मुलं स्वतःहून शनिवारी मिसच्या घरी यायला लागली. गच्चीवर नाटक चालायचं, मिस खुर्चीत. आणि मी बघितलं की त्यांची तुटलेली वाक्यं जोडायला या मुलांइतकं कुणालाच जमत नव्हतं. मिस एकदा दूत झालेल्या मुलावर चिडून म्हणाल्या, "अरे, तू असा... असा..." "लटकल्यासारखा!" कुणीतरी म्हणालं. खुर्चीच्या हातावर तळहात. "झोपल्यासारखा!" पुन्हा हात. समीक्षा नावाची एक बारीक मुलगी होती, ती म्हणाली, "रस्त्यात बसलेल्या म्हशीसारखा!" मिस इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या हसण्यातून एक शब्द अख्खा बाहेर पडला. "बराबर." काका जिन्यात उभे होते, ते तोंड फिरवून खाली गेले.

ते चार-सहा शनिवारच असतील. मग परीक्षा जवळ आली. आजारी माणसाच्या घरी मुलांनी गर्दी करू नये असं पालकांचं म्हणणं पडलं, आणि त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. शाळेनं संमेलनात नाटकाऐवजी नाच बसवायला घेतले. एका शनिवारी दोघंच आले, पुढच्या शनिवारी कुणी नाही. मिस मात्र खुर्ची गच्चीवर न्यायला लावायच्या आणि जिन्याच्या दाराकडे तोंड करून बसायच्या. मी शेजारी बसायचे. मी उचलायचे त्यांची वाक्यं, पण माझी निम्मी चुकायची. मुलांना जमायचं ते मला जमत नव्हतं.

आमची शेवटची भेट अशाच एका शनिवारी झाली. आदल्या रात्री त्यांना बरं नव्हतं म्हणून त्या आत कॉटवर होत्या. मी बसले तशी त्यांनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट, आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "पोरांला सांग... मी..." आणि वाक्य तुटलं. मी म्हणाले, "मी बरी आहे?" कॉटच्या कडेवर हात. "मी लवकर येते?" हात. "तुमचं नाटक झालंच पाहिजे?" हात. मला जे जे सुचलं ते मी म्हणत गेले, मोठं, लहान, वेडंवाकडं, आणि दर वेळी तो हात खाली येत होता, दर वेळी थोडा हळू. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी हतबलता बघितली नव्हती. वर्गात कुणी अडलं की त्या हनुवटीला हात लावून शांत थांबायच्या, त्यांना खात्री असायची की कुणीतरी उचलेल. त्या दिवशी ती खात्री त्यांच्या डोळ्यांतून जाताना मला दिसली. शेवटी काका आत आले. म्हणाले, "जाऊ दे पोरी, थकली ती. उद्या विचार." मिसनी मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं... दुसऱ्या दिवशी सकाळी मी जालन्याला निघाले होते, एका मुलाखतीला. परत आल्यावर संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं असं ठरवलं होतं. स्टँडवर शुभांगीचा फोन आला.

शाळेत शोकसभा झाली. माजी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला उभं केलं. मी ठरवून गेले होते की फक्त निरोप सांगायचा, जसा आहे तसा, अर्धा. मुलं समोर ओळीनं बसली होती. मी माइकसमोर म्हणाले, "मिसनी तुमच्यासाठी एक निरोप दिला होता. त्या म्हणाल्या, पोरांला सांग, मी..." आणि माझा आवाज बंद झाला. स्टेजवर माइकजवळ मी एकटीच होते. जवळ उभं असणारं कुणी नव्हतं. मुख्याध्यापक उठून म्हणाले, "ठीक आहे बेटा, आम्ही समजू शकतो," आणि लोकांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली.

फाटकापाशी समीक्षानं मला गाठलं. मागे तिच्या वर्गातली पाच-सहाजणं. "ताई, पुढं काय म्हणल्या मिस?" मी म्हणाले, "मला माहीत नाही. त्यांना पुढचं बोलताच आलं नाही." माझी अपेक्षा होती की ती निराश होतील. पण ती मुलं सरळ पुढे सरकली आणि माझ्याभोवती उभी राहिली, अगदी जवळ, जशी गच्चीवर उभी राहायची. एकजण म्हणाला, "मी परत येणार व्हते?" दुसरी म्हणाली, "मी दूत बदलणार हाय." त्यावर दूत झालेला मुलगा म्हणाला, "गप ए, असं कशाला म्हणतील?" समीक्षा म्हणाली, "मी वाट बघून राह्यले." मग तोच दूत जमिनीकडे बघत म्हणाला, "मी तुमच्यावर रागावले न्हाई." आणि सगळीच्या सगळी माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडाकडे आणि माझ्या हाताकडे. मला हात आपटता येईना आणि बराबर म्हणता येईना. यातलं कुठलं खरं, ते सांगणारं माणूस एकच होतं. शेवटी रिक्षावाल्या काकांनी हॉर्न दिला आणि ती मुलं गेली. समीक्षानं रिक्षातून मागे वळून बघितलं. मी अजून काही म्हणेन असं तिला वाटत असावं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. कंडक्टर, बँकेतल्या बाई, माझी आई, कुणीही बोलता बोलता अडलं की त्यांचं वाक्य मी पूर्ण करते. आई चिडते, "मला बोलू तर दे." मी गेल्या शनिवारी शाळेत गेले होते. शिपायानं ओळखून वर्ग उघडून दिला. बाकं रांगेत लागलेली, फळ्यावर सराव परीक्षेचं वेळापत्रक. भिंतीवरची आडवी रेघ तेवढी तशीच होती, तिला कुणी रंग दिलेला नाही. मी एक बाक ओढून त्या रेघेला लावलं. मग त्याच्या शेजारी उभं राहून हळू म्हणाले, "पोरांला सांग, मी..." आणि थांबले. बाकावर कुणाचा हात आपटला नाही, कुणी बराबर म्हणालं नाही. बाहेर मैदानात कुणीतरी शिट्टी वाजवली, मुलं पळाली. ते वाक्य अजून खाली पडलेलं आहे, आणि सर्वांत जवळ मीच उभी आहे.