मऊ रोलर

"बंद कर तुझं इंजान!"

महाडच्या भाताच्या गिरणीत मी तेलाचं इंजिन सांभाळायचो आणि असं ओरडणारे हलरवाले भात भरडायचा हलर चालवायचे. हलरमधून पडणारा गरम तांदूळ ओंजळीत घ्यायचा, फुंकर मारायची, आणि कणी दिसली की माझ्यावर, भातावर, भात आणणाऱ्या बाईवर एकदम ओरडायचं, ही त्यांची रीत. "ओलं भात आणलंस गो! ही गिरण हाय का डबकं?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. "आमची बायको म्हणते, चुलीला काडी कशाला, तुमालाच लावते," असं त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि सांगताना चक्क हसले होते.

भाताचं तूस दिसायला हलकं, पण रेतीसारखं खरखरीत. हलरमधल्या बिडाच्या रोलरला ते रोज थोडंथोडं खातं. म्हणून चांगल्या रोलरचं वरचं कवच काचेसारखं कडक असतं. ते झिजून कंगोरे बोथट झाले की तांदूळ सुटत नाही, मोडतो.

एका दिवाळीनंतर शेटनी नवा रोलर आणला. वर चकचकीत काळा रंग. हलरवाल्यांनी कानस उचलली. कडक बिडावरून कानस घसरते, मऊ बिडाला चावते.

"नव्या मालावर ओरखडे काढतोस?" शेट खेकसले. "गप बसव."

त्यांनी धुसफुसत बसवला.

शिमग्याआधी तुडील गावची एक बाई लेकीच्या लग्नाचं भात गाडीत घालून आली. भरडलं तर निम्मी कणी. हलरवाले तिच्यावर तुटून पडले. "वाळवायचा आळस आला व्हता काय गो?"

बाई मागं सरली नाही. मूठभर भात तिनं त्यांच्या हातावर आपटलं. "चावून बघ! चार उन्हं दिलीत त्याला. वऱ्हाडाला कणी वाढू काय मी?"

त्यांनी दाणा चावला. कट्ट वाजला. त्यांचा चेहरा उतरला. मला हातानंच इंजिन बंद करायला सांगितलं आणि हलर उघडला. रोलरचे कंगोरे वापरलेल्या साबणासारखे गुळगुळीत. कानस लावली, तर चावली.

तेवढ्यात शेट आले आणि सगळ्या बायांसमोर म्हणाले, "हिचं भातच ओलं. खोटं बोलायची खोडच असते ह्यांना."

स्वस्तातला, मऊ रोलर शेटनी जाणूनबुजून मागवला होता, हे मला पुढे तो आणणाऱ्या गाडीवाल्यानं सांगितलं. शेटचं ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तडकतं.

हलरवाल्यांनी कानस खाली ठेवली. आत गेले, शेटच्या घरच्या तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन आले आणि बाईच्या गाडीत टाकलं.

"चोरा! पोलिसात देईन!"

"द्या. रोलर पण घेऊन येतो संगती."

पंचा झटकून ते निघून गेले. त्यांच्यामागोमाग बायांनीही आपापली भातं उचलली. कित्येक दिवस हलर नुसता उभा होता आणि गावांतून पुन्हा मुसळं वाजत होती. शेवटी शेटनी मुकाट्यानं कडक रोलर आणला आणि मला पोलादपूरला पाठवलं.

आंबेनळी घाटाच्या वाटेवर हलरवाल्यांचं घर. ते कुंपण बांधत होते. मला बस म्हणाले नाहीत.

"शेटनी बोलावलंय. रोलर बदलला."

"कानस लावलीस?"

"लावली. घसरली."

"आनि त्या बाईला काय बोलले शेट?"

"काही नाही."

"मी पण बोललो व्हतो तिला. तुडीलला जाऊन तिच्या दारात हात जोडून आलो." आवाज चढला. "शेटला जाता येत नाय? तुडील काय मुंबईला हाय? जाऊन येऊ दे, मग मी येतो."

निरोप मी जसाच्या तसा दिला. शेट हसले. ना ते तुडीलला गेले, ना हलरवाले गिरणीत परत आले.

काही वर्षांनी हलरवाले वारले. गिरणीतले आम्ही तिघेचौघे गेलो. अंगणात बायांत एक बाई लेकीला घेऊन बसली होती. तुडीलची. ती रडत नव्हती. मला बघून उठली, माझ्या मागं रस्त्याकडे नजर टाकली आणि विचारलं, "शेट नाय आला?"