कुट्टीचा पैरा

वहिनीच्या उजव्या हाताची दोन बोटं वैरणीच्या कुट्टी मशीनमध्ये गेली तेव्हा मशीनच्या तोंडावर जाळी नव्हती. कारखान्यातून येताना ती होती. दादानं पाना घेऊन ती काढली आणि गोठ्याच्या माळ्यावर टाकली, कारण जाळीतून उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा पाला, सरळ आत जात नसे. कोल्हापूरशेजारच्या आमच्या कळंब्यात ज्यांच्या दारात म्हशी आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांनी हेच केलं होतं. त्यामुळे दादाला कोणी बोल लावला नाही. वहिनीनंही नाही.

जखम भरल्यावर दादानं म्हशी विकायचं ठरवलं. डेअरीचं सभासदत्व वहिनीच्या नावावर होतं आणि दुधाचं बिल तिच्या खात्यावर जमा होई. घरात तिच्या एकटीचं म्हणता येईल असं तेवढंच होतं. ती म्हणाली, "मशीन मी चालवणार." पण बटण दाबलं की तिचा हात मशीनच्या तोंडापाशी जाऊन थांबायचा. शेवटी दादानं सांगून टाकलं, "दिवाळीपत्तूर बघतो. मग गिऱ्हाईक आणतो."

मी तेव्हा एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. राजारामपुरीतल्या कार्यालयात एक प्रेसनोट आली. देशोदेशीच्या औद्योगिक डिझायनरांची कार्यशाळा कोल्हापुरात भरणार होती आणि विषय होता शेतीची छोटी यंत्रं. डिझायनर म्हणजे कपड्यांचे, असं समजून ती आधी पुरवणीच्या टेबलावर गेली. तिथून ती माझ्याकडे आली.

बातमीसाठी थोडं वाचलं. दुसऱ्या महायुद्धानंतर काही देशांतल्या डिझायनरांनी एकत्र येऊन आपली संस्था काढली. सुरुवातीचे वाद धंद्याचे होते: डिझायनर कोणाला म्हणायचं, कोणाच्या व्याख्येनं, स्पर्धांचे नियम काय. पुढे सभासद वाढले आणि एक नवी पद्धत आली. एखाद्या देशानं अडलेलं काम सांगायचं, बाकीच्या देशांतल्या डिझायनरांनी तिथं जाऊन काही दिवस राहायचं आणि मिळून ते सोडवायचं. या पद्धतीवर जुनी टीकाही होती. पाहुणे परत जातात आणि आराखडे कपाटात राहतात. ही टीका मी बातमीत घेतली. मग संयोजकांना फोन करून कुट्टी मशीनचं नाव सुचवलं.

कळंब्याला दोघं आले. एक फिनलंडचा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच. दुसरी केनियाची, वहिनीच्याच वयाची. तिच्या गावातल्या बायकाही असंच मशीन वापरत होत्या. उद्यमनगरातला एक फौंड्रीवाला सुटे भाग ओतून द्यायला तयार झाला. दुभाषा मी होतो.

फिनलंडच्या पाहुण्याचं म्हणणं होतं की जाळी रिबीट मारून कायमची बसवावी. काढताच आली नाही पाहिजे. मी ते मराठीत सांगितलं.

वहिनी म्हणाली, "आणि पात्याला धार कोण लावणार? ह्यांचा काका?"

मी इंग्रजीत एवढंच सांगितलं की पात्याला धार लावावी लागते.

केनियाची बाई म्हणाली, "ती याहून जास्त बोलली."

मग काकासकट सांगावं लागलं. उंच पाहुणा हसला. म्हणाला, "माझा काका सुतार आहे. विचारून बघतो."

पुढचे दिवस त्या दोघांत वाद चालला. त्याला काढता न येणारं झाकण हवं होतं. तिला काढावंसंच वाटणार नाही असं झाकण हवं होतं. शेवटी जे झालं त्यात दोघांचंही आलं. मशीनच्या तोंडावर एक हलकी झडप बसली. वैरण तिच्याखालून अडल्याशिवाय जाते. मनगट आत शिरलं तर झडप वर उचलली जाते आणि वैरण ओढणारे रूळ सुटतात. धार लावायला झडप हातानं उघडते, पण ती उघडी असेपर्यंत रूळ ओढतच नाहीत. काढून टाकली तर मशीन नुसतंच फिरत राहतं.

वहिनीनं पहिल्यांदा वाड्याची एक पेंढी घातली. दुसरी घालताना मुद्दाम हात पुढं नेला. झडप उचलली गेली, रूळ थांबले. तिनं हात काढला आणि तिसरी पेंढी घातली. सगळी वैरण संपेपर्यंत ती पेंढ्या घालत राहिली. मग हात धुऊन चहा ठेवायला गेली.

चहा देताना तिनं मला विचारलं, "आमी ह्यांच्यात कवा जायचं?"

मला वाटलं, गंमत करते आहे. तसं नव्हतं. आमच्याकडे पैऱ्याची चाल आहे. आज तुम्ही माझ्या रानात राबलात, तर उद्या मी तुमच्या. वहिनी म्हणाली, "पैरा फेडला न्हाय तर पुढच्या सुगीला कोण येतंय? ह्यांचं काय काम अडलंय ते इचारा की, भावजी."

मी विचारलं. उंच पाहुणा संकोचला. केनियाच्या बाईला मात्र समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या गावात वीज नव्हती. तिथं एक बाई हातानं चाक फिरवते आणि दुसरी वैरण घालते. तशा मशीनवर ही झडप चालेल का?

दुसऱ्या दिवशी फौंड्रीवाल्यानं मशीनला हातानं फिरवायचं चाक जोडलं. शेजारीण चाक फिरवायला उभी राहिली. वहिनीनं झडप उचलली तसे रूळ सुटले, चाक एकदम हलकं झालं आणि शेजारीण वैरणीच्या ढिगात जाऊन पडली.

"बया, मला म्हशीपुढं टाकतीस व्हय गं," ती पडल्यापडल्याच म्हणाली.

फौंड्रीवाल्यानं चप्पलवाल्याकडून चामड्याचा पट्टा आणला. रूळ सुटले की तो चाकावर घासतो आणि चाक सावकाश थांबतं. या पट्ट्यासकट आराखडा केनियाला गेला. कपाटात राहिला नाही.

दिवाळी होताच दादानं बोलल्याप्रमाणं खरंच गिऱ्हाईक आणलं. वहिनी मशीनवर होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "पावणं, म्हस इकायची न्हाय. च्या घ्या आनि जावा." त्यानं चहा घेतला. जाताना मशीनपाशी थांबून झडप कुठं मिळते ते विचारलं. दादानंच त्याला उद्यमनगरचा पत्ता सांगितला.

पुढच्या पावसाळ्यानंतर केनियाहून फोटो आले. तिथल्या गोठ्यात दोन बायका, तेच मशीन आणि चाकावर काळा पट्टा. पावसात चामडं फुगून घसरत होतं, म्हणून त्यांनी जुन्या टायरची पट्टी कापून लावली होती. वीज गेल्यावर वापरायला ते हाताचं चाक वहिनीनं ठेवून घेतलं होतं, आणि तिचाही पट्टा त्या पावसात फुगला होता. आता आमच्या गोठ्यातही टायरची पट्टी आहे. फौंड्रीवाला नव्या मशीनलाही तीच लावतो.

"म्हणजे पैरा फिटला," मी म्हणालो.

"कसा फिटंल?" वहिनी म्हणाली. "टायरची अक्कल त्यांची. आता परत आपल्यावर आलं की. काय अडलंय ते इचारा."

मी विचारलं. उत्तर आलं आहे. कुट्टी जमिनीवर पडून मातीत मिसळते, तिथं पोतं अडकवायची सोय त्यांना हवी आहे. परवापासून वहिनी आणि शेजारीण मशीनखाली वेगवेगळी पोती टांगून बघत आहेत.