ढगाच्या सावलीचं तळं

मी एका ढगाच्या सावलीला तळं समजलो आणि पेठ तालुक्यातल्या एका पाड्याशेजारी ते निळ्या शाईने रंगवून मोकळा झालो. तळ्याला छान वळणदार काठ काढला. काठावर जागा उरली होती म्हणून दोन झाडंही काढली.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आपल्या देशाचे उपग्रह जमिनीची चित्रं काढू लागले होते. ती हैदराबादहून लांब नळकांड्यांत गुंडाळून नाशिकच्या आमच्या लहानशा ऑफिसात येत आणि त्यांवरून कुठल्या गावाला जमिनीखाली पाणी कुठे लागेल, याचे नकाशे आम्ही करत असू. आम्ही म्हणजे मी, एक ड्राफ्ट्समन आणि ऑफिसच्या प्रमुख, आमच्या बाई.

चित्र आलं की बाई आधी हात धुऊन येत. मग ते लाइट टेबलावर पसरत. हे टेबल अंबडच्या एका वर्कशॉपातून करून घेतलेलं. वर काच, खाली ट्यूबलाइटी. थंडीत आम्ही त्यावर हात शेकायचो. चित्र पसरलं की बाई ते सरळ उलटं फिरवत. उत्तर खाली, दक्षिण वर. उपग्रह चित्र काढतो सकाळी. ऊन आग्नेयेकडून येतं, सावल्या वायव्येला पडतात. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून यायची सवय, त्यामुळे सरळ धरलेल्या चित्रात डोंगर दरीसारखा दिसतो आणि दरी डोंगरासारखी. उलटं धरलं की सगळं जागेवर येतं. तुमच्या हाती असं चित्र आलं तर करून बघा.

एकदा एक मोठे साहेब पाहणीला आले. "मॅडम, नकाशा उलटा धरलाय तुम्ही."

"तुम्ही या बाजूला या साहेब, म्हणजे सुलटा होईल," बाई म्हणाल्या.

साहेब त्या बाजूला आले. या चित्रांत हिरवं पीक लाल दिसतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. "निफाडला एवढी आग कधी लागली?"

"आग नाही, द्राक्षं आहेत. आग भाव पडल्यावर लागते."

बाई येवल्याच्या. घरात पैठणीचा माग, अंगावर मात्र कायम सुती साडी. येवल्यात वाढलेल्या माणसाला कापड उलटं करून वीण बघायची सवयच असते, ती त्यांनी उपग्रहालाही लावली होती. त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे एक प्रश्न. कितीही देखणा नकाशा समोर ठेवा, चष्म्यावरून बघत विचारायच्या, "पाय लावलास?" म्हणजे त्या जागी स्वतः जाऊन आलास का? नसशील, तर नकाशा कपाटात.

माझं तळं तयार झालं तेव्हा बाई भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. वरून तगादा होता. मी बाईंच्या हुद्द्यापुढे 'करिता' लिहिलं, झोकदार सही ठोकली आणि नकाशा पाठवून दिला. पाय लावला नाही. त्या दिवशी पाय टेबलावर होते.

बाई लग्नाचे लाडू घेऊन परतल्या, तोवर तळ्याने काम केलं होतं. त्या पाड्याला बोअर मिळायचं होतं. 'लगत तलाव उपलब्ध' म्हणून नाव यादीतून गेलं. बाईंनी चित्र उलटं फिरवलं, भिंग लावलं. माझ्या तोंडात लाडू होता.

"हे तळं करंजीसारखं दिसतंय."

"हो बाई, नैसर्गिक आकार."

"आणि आग्नेयेला हा पांढरा ढग कशासारखा दिसतोय?"

ढगही हुबेहूब करंजीसारखा होता. मी लाडू घाईने गिळला.

"बाई, उपग्रह खोटं कसं बोलेल?"

"तो कुठे बोलला? तू बोललास. चल, पाय लावू."

एसटीने पेठ, पुढे जीपने, त्यापुढे चढ. तळ्याच्या जागी खडक होता आणि खडकावर एक शेळी. एक आजी रिकामा हंडा घेऊन खाली निघाली होती. मी विचारलं, "आजी, इथं तळं आहे का?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तळं असतं तर मी हंडा घेऊन डोंगर कशाला उतरले असते, भाऊ?" बाईंनी तिला सांगून टाकलं, की याने कागदावर काढलेल्या तळ्यामुळेच पाड्याचं नाव बोअरच्या यादीतून कटलं.

बाईंनी पिशवीतून उन्हाळ्यातलं चित्र काढलं, खडकावर उलटं पसरलं. शेळीला हाकललं. सगळीकडे सुकलेलं रान आणि त्यातून गेलेली एक लाल, सरळ रेघ. "भर उन्हाळ्यात एका ओळीत झाडं हिरवी आहेत. खाली खडक फाटलाय, पाणी तिथं असणार." ती ओळ पाड्याच्या खालच्या नाल्यात निघाली. आजी चित्राकडे नाही, बाईंच्या टाचेला आलेल्या फोडाकडे बघत होती.

जिल्ह्याच्या बैठकीला मी बाईंच्या मागच्या खुर्चीत बसलो. उपग्रहवाल्यांवर तिथे निम्म्यांचा विश्वास नव्हताच. नकाशा मागे घ्यायचा म्हणजे उरलेल्या निम्म्यांचाही घालवायचा. आणि तो नाही घेतला, तर पाडा कोरडा. बाई उभ्या राहिल्या. "नकाशा चुकलाय. तिथं तळं नाही. या पाड्याला बोअर द्या, जागा मी दाखवते."

"कोणी काढला हा नकाशा?"

"माझ्या ऑफिसने."

माझं नाव त्यांनी तिथं घेतलं नाही. ते त्यांनी ऑफिससाठी राखून ठेवलं होतं. नकाशा भिंतीवर लागला आणि नवा माणूस आला की बाई प्रेमाने दाखवत, "हे याचं तळं. झाडंसुद्धा यानेच लावलीत."

बोअरला पाणी लागलं.

पुढे चित्रं सीडीवर येऊ लागली, मग कॉम्प्युटरवर. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "उलटं कर." मी तो अवजड मॉनिटर खरंच उचलून उलटा ठेवला. ड्राफ्ट्समनने येऊन एक बटण दाबलं. बाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या.

त्या निवृत्त होऊन येवल्याला गेल्या. टेबलाच्या काचेखालच्या ट्यूबा मग कुणी बदलल्या नाहीत.

मध्यंतरी कामानिमित्त त्या पाड्यावर गेलो. यावेळी आधी पाय लावून मग नकाशा करायचा होता. हातपंपाला पाणी होतं आणि हंडा भरत तीच आजी होती, आता चांगलीच वाकलेली. तिने मला लगेच ओळखलं.

"ती कागद उलटा धरणारी बाई कुठं हाय?"

"रिटायर झाल्या, आजी. घरी असतात. मजेत आहेत."

"मंग आता पाणी कोण दावतं?"

"मीच," मी जरा छाती काढून म्हणालो.

आजीने हंडा डोक्यावर घेतला, शेजारणीकडे वळली आणि म्हणाली, "पंपाची मूठ नीट धर गं बाय. हा आला, म्हंजी आता पुन्यांदा नाव कटतंय आपलं."