मार्थेची बाजू

सुशीलामावशी भाकरी थापता थापता प्रार्थना करत. एका भाकरीला एक माणूस. "ही तुमच्या गुडघ्याची, बाई," असं मला सांगून त्या ती तव्यावर टाकत आणि फुगली की समाधानाने मान हलवत. माझा गुडघा काही बरा झाला नाही, पण भाकरी झकास व्हायची.

तुंगार्लीच्या साधनागृहात त्या स्वयंपाक करत. तिथे गावोगावचे ख्रिस्ती लोक चार दिवस मौन पाळायला, प्रवचनं ऐकायला येतात. मी नव्या फादरना मराठी शिकवायला जायचे. मी देवळात जाणारी, त्या चर्चमध्ये. आमचं जमलं ते चुलीपाशी. चुलीच्या वर संत मार्थेची तसबीर होती, फोडण्यांनी पिवळी पडलेली. येशू घरी आला तेव्हा मार्था रांधत राहिली, तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली. मार्थेने तक्रार केली, तर येशूने मरियेचीच बाजू घेतली. ही गोष्ट मावशींनीच मला सांगितली, माहेरच्या माणसाचा अपमान झाल्यासारखा चेहरा करून.

दर जुलैला मार्थेचा सण येई आणि प्रवचनात दर वेळी मरियाच जिंके. मावशी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत. एकदा मला म्हणाल्या, "आमी नुसतं रांधलं, बाई. पायाशी कवा बसलो न्हाई. मग आमी शिष्य न्हाई का?" त्यांचा प्रश्न माझ्या मनाला फार लागला.

एका वर्षी सणाच्या आदल्या दिवशी नवे फादर, माझेच विद्यार्थी, प्रेमाने सांगून गेले की उद्या मावशींनीही काम सोडून प्रवचनाला बसावं. मावशी ठेवणीतलं निळं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसल्या. फादर तासभर रंगून बोलले. मग साठ भुकेली माणसं जेवायला गेली, तर चुली गार. तांदूळसुद्धा निवडलेला नव्हता.

"तुमीच म्हनला, काम सोडा. सोडलं," मावशी शांतपणे म्हणाल्या. ही खोडी होती की आज्ञापालन, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

फादर आधी लाल झाले, मग हसले आणि बाह्या सरसावून पीठ मळायला बसले. मौन पाळणारी मंडळी कांदे चिरताना भरपूर बोलली. मावशी स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. पानं वाढेपर्यंत चार वाजले. जेवणाआधी फादर उभे राहिले. म्हणाले, "सकाळी एक सांगायचं राहिलं. या दोघी बहिणींचा भाऊ वारला तेव्हा मरिया घरात बसून होती. वाटेवर जाऊन येशूला गाठलं आणि तुझ्यावर माझा विश्वास आहे असं तोंडावर सांगितलं, ते मार्थेनं."

मयताच्या प्रार्थनेत हा भाग नेहमी वाचतात. पण तेव्हा मावशी मागे चहा करत असत; तो त्यांच्या कानावर कधी पडलाच नव्हता.

"म्हंजी रांधनारीच बोलली," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून वरण वाढू लागल्या. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. चर्च गच्च भरलं होतं. फादर वाचायला उभे राहिले आणि थांबले. मागच्या दाराने स्वतः जाऊन त्यांनी चहा करणाऱ्या बायकांना आत आणलं, पुढच्या बाकावर बसवलं आणि मगच वाचायला सुरुवात केली. चहा त्या दिवशी तासभर उशिरा मिळाला. कुणी चकार शब्द काढला नाही.