बाळूकाकांचे अनवाणी पाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — आजच का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

वसईजवळ गिरीजला आमची केळीची, भाजीची वाडी. घरातला पहिला पदवीधर मी. इंजिनीअर होऊन धरणावर लागलो तेव्हा आईने आळीभर पेढे वाटले. मातीचं मोठं धरण, पायथ्याशी वीजघर. तिथे बाळूकाका पहारेकरी होते. त्यांचं गाव त्याच पाण्याखाली गेलेलं. रोज चपला हातात घेऊन ते धरणाच्या मागच्या उतारावर गवतातून अनवाणी फिरायचे. आतून पाणी झिरपायला लागलं की डोळ्यांआधी पायांना कळतं, म्हणायचे. आम्ही हसायचो. पुस्तकात कुठे होतं ते?

एका शनिवारी भर दुपारी मी घरी निघालो होतो. काका धापा टाकत आले.

"सायेब, वीजघराच्या वर पाय गार लागतो. पानी हाय. येता का बघाया?"

"दव असेल, काका."

"बारा वाजता दव? तुमच्या वसईत पडत असंल!"

मीही हसलो — आणि वसईची बस पकडली.

सोमवारी त्या जागेतून गढूळ पाणी वाहत होतं. गढूळ म्हणजे आतली माती निघालेली. दोन दिवस सगळे राबलो, वाळू-खडीचे थर टाकले. धरण वाचलं. मग मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं — आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही?

माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. आईचे पेढे आठवले — की हे मी नंतर जुळवलं? मी म्हणालो, "काकांनी मला काहीच सांगितलं नाही."

काका समोरच उभे होते. माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "इसरलो असंन, सायेब."

का म्हणाले असतील तसं?

त्यांचं काम गेलं, राहती खोलीही गेली. धरणाने त्यांना दुसऱ्यांदा उठवलं — नाही, धरणाने नाही. मी. त्या दुरुस्तीची शाबासकी मला मिळाली, नोकरीही पक्की झाली.

काका नंतर लेकीकडे राहायला गेले. तिथेच वारले. ते गाव मला ठाऊक होतं. धरणावरून तिथे थेट बस जायची.